पंक्चर नाही म्हणे!

रात्री 32 पीएसआय हवा भरून लावलेली गाडी, सकाळी मागच्या डाव्या चाकात 26. आणि हे कधी, तर काल संध्याकाळी पंक्चरवाल्याकडून "एकदम ओके करून दिलंय साहेब" ऐकून आल्यावर!

काय ओके केलं? गोट्यांवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या उंचवट्यांवर, साबणाचं पाणी मारलं, चाक गोल फिरवलं, बाहेरची बाजू बघितली आणि निकाल दिला, पंक्चर नाही. अरे, पंक्चर नाहीये हे मलाही माहितीये! मी आल्या आल्या सांगितलं होतं की आतल्या बाजूला, रिमला टायर जिथे बसतो तिथे बघ, बीडमधून, म्हणजे टायरच्या त्या काठातून, जातेय हवा. तर हसला. "एवढ्या मोठ्या टायरची थोडी हवा जातेच." का जातेच? मोठा आहे म्हणून त्याला गळायची सवलत आहे का? बरं, रात्रीच्या गारव्याने उतरली म्हणावं, तर तापमान पाच-सहा अंशांनी पडलं की जेमतेम एक पीएसआय कमी होतो. सहा उतरायला बाहेर बर्फ पडायला हवा होता.

पण खरा संताप पुढेच आहे. मी फोन घ्यायला पाठ फिरवली तेवढ्यात या गृहस्थाने व्हॉल्व्ह काढून आत सीलंटची, म्हणजे भोक बुजवायच्या द्रवाची, अख्खी बाटली रिकामी केली. विचारलं नाही, सांगितलं नाही. हिरवा चिकट रेंदा! चाक फिरायला लागलं की तो सगळा रेंदा गोट्यांच्या आतल्या बाजूला जाऊन बसणार, म्हणजे जिथे भोक नाहीच, नेमका तिथे. बीड तसाच कोरडा. वर आत प्रेशरचा सेन्सर आहे, तो आता त्या लगद्यात आंघोळ करतोय. आणि उद्या खरंच काटा घुसला तर आतून पॅच लावायच्या आधी हा चिखल पुसत बसा, नाहीतर पॅच धरणार नाही. टायर खोलणारा शिव्या कोणाला घालणार? मला! याला "करून दिलं" म्हणतात. वरून म्हणतो, "आता वर्षभर बघायला नको." दुसऱ्या दिवशी सकाळीच बघितलं ना बाबा.

बाटलीवाल्यांची ही जमातच वेगळी. त्यांचे सख्खे भाऊ म्हणजे साइडवॉलमध्ये पंक्चरची रबरी स्ट्रिप ठोकणारे. कडेची भिंत प्रत्येक फेरीला वाकते, तिथे स्ट्रिप टिकत नाही, तिथलं भोक दुरुस्त करायचंच नसतं. पण यांच्या हातात टोच्या आला की संपलं. तिसरे चुलतभाऊ, टायर चढवताना बीडला हाताला लागेल ते ग्रीस फासणारे. पेट्रोलियमचं ग्रीस रबर खातं हो! आणि चौथे, अलॉय रिमच्या काठावर हातोडीने बॅलन्सिंगची वजनं ठोकणारे. त्या ठोक्याने पॉलिश उडतं, तिथून पाणी शिरतं, ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, भुकटी बीडखाली सरकते आणि मग हवा "थोडी जातेच".

शिवाय चिखलात उतरायचं म्हणजे हवा 18 वर आणायची, बीड सैल पडून हलतो, वाळू आत जाते. ते एक वेळ समजू शकतो, गाडी त्यासाठीच घेतलीये. पण सोबतच्या एकाचं ते हवा झटकन सोडायचं यंत्र! व्हॉल्व्हची पिनच बाहेर काढतं. वाळूत उभं राहून. परत बसवताना एक कण सीलवर अडकला की झाली सोय. वर टोप्या हरवतात आणि म्हणतात टोपीने काय होतं. धूळ अडते, हे होतं!

"बीडलॉक लाव" (म्हणजे बीड रिमवर बोल्टने आवळून धरणारी रिंग) हा सल्ला देणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. बीडलॉक सहसा बाहेरचा बीड आवळतो, आतला तसाच साधा. माझी हवा आतून जाते. म्हणजे गळती तीच, वर रिंगभर बोल्ट टॉर्क रेंचने परत परत आवळत बसण्याचा नवा उद्योग.

या सगळ्यात माझं काय झालंय बघा. कुठेही गाडी उभी दिसली की आधी तिच्या टायरचा फुगवटा बघतो. लग्नाच्या पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या चाकात हवा कमी असल्याचं सांगितलं. तो बिचारा वर्गणी मागायला आलोय असं समजला. स्प्रेची बाटली आता कपाळाला टॉर्च लावून मीच मारतो, पोटावर पडून, रात्री. आतल्या काठाला बारीक फेस धरला की इतका आनंद होतो की बायकोला बोलावून दाखवतो. ती हल्ली येत नाही. गेज माझ्याकडे तीन आहेत, तिघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि मी सगळ्यात वाईट आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतो.

असो. दुसऱ्या माणसाकडे टायर उतरवायला सांगितलाय. रेंदा पुसायचा, रिमचा काठ तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचा, बीड सीलर लावायचा, नवा व्हॉल्व्ह बसवायचा आणि हवा भरून आतल्या बाजूला, आतल्या(!) बाजूला पाणी मारायचं. मी शेजारी स्टूल टाकून बसणार आहे. फोन बंद ठेवून.