प्रभूचं काम आहे म्हणून रेस्ट नाही का?

जय ख्रिस्त मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. आणि ओळखीच्या कोणी वाचलं तर प्लीज "हे माझ्यावरच लिहिलंय" असं समजून फोन करू नका, भुसावळपासून नवापूरपर्यंत ज्या ज्या चर्चमधे जाणं होतं तिथे थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

मी रेल्वेत आहे, क्रू लॉबीत. म्हणजे कोणत्या गाडीवर कोणता लोको पायलट, कोणता गार्ड (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण तोंडात गार्डच बसलंय) हे लावायचं काम. आमच्याकडे पूर्ण ड्युटी करून आलेल्या माणसाला हेडक्वार्टरला, म्हणजे त्याच्या मूळ स्टेशनला, 16 तास रेस्ट द्यावी लागते, त्याच्या आत कॉल दिला तर तो सरळ नाही म्हणू शकतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तोच माणूस रविवारी चर्चला आला की संडे स्कूल त्याच्याकडे, साउंड त्याच्याकडे, मांडववाल्याशी बोलणं त्याच्याकडे आणि नाताळात कॅरोल राउंडची गाडीपण त्याच्याकडे. रेस्ट? अहो प्रभूचं काम आहे भाऊ, त्यात कसली रेस्ट!

हे वाक्य मला खटकतं. म्हणणारे वाईट नसतात, बहुतेक स्वतः तसेच राबलेले असतात. पण "प्रभूचं काम आहे" म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही, नाही म्हटलं तर तो आपल्याला नाही, देवाला नाही म्हणाला असं होतं. मग लोक तोंडावर हो म्हणतात आणि ऐन वेळेला फोन उचलत नाहीत. मग आपण मीटिंगमधे रडतो की आजकालच्या पोरांना कमिटमेंट नाही.

आता कोणी म्हणेल तू चर्चमधे रेल्वेचे नियम घुसवून राहिला. तर बायबल काढा. गणनाचं पुस्तक, 8 वा अध्याय शेवटाकडे बघा. लेवी, म्हणजे देवाच्या निवासमंडपाचं काम बघणाऱ्या वंशातला माणूस, पंचविसाव्या वर्षी सेवेला लागायचा आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळा व्हायचा, नंतर भावांना मदत करायची पण कामाचा भार त्याच्यावर नाही. दाविदाच्या काळात याजकांचे 24 वर्ग पाडले आणि चिठ्ठ्या टाकून पाळी लावली, पहिल्या इतिहासात 24 व्या अध्यायात अख्खी यादी आहे. ती पाळी पुढे इतकी वर्षं चालली की लूकच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्या मंदिरात धूप जाळायला गेलाय तोसुद्धा अबीयाच्या वर्गाचा नंबर लागला म्हणून, आणि सेवेचे दिवस भरल्यावर तो आपल्या घरी गेला असं स्पष्ट लिहिलंय. घरी गेला! कोणी त्याला म्हटलं नाही की थांबा जखऱ्याभाऊ, पुढच्या वर्गातला माणूस आला नाही, तेवढं उरकून जा.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. हार्वेस्टचं, म्हणजे चर्चच्या पीक-उपकारस्तुतीच्या सणाचं जेवण, वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, त्यात बदल करायची खान्देशात कोणाची हिंमत नाही. शनिवारी संध्याकाळपासून जाड पीठ, ओवा, हळद, मोहन घालून मळायचं, उंडे करून उकडायचे, गार झाले की कापायचे आणि सकाळी तळायचे. कढईवर एक मावशी असते, मी पोरगा होतो तेव्हापासून तीच आहे. तिकडे आत उपासना चालू होते, हिला इथे फक्त स्पीकरमधून आवाज. एका वर्षी हार्वेस्टच्याच दिवशी प्रभुभोजन होतं, सगळ्यांचं झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की किचनवाल्या बाया राहिल्या, मग पाळकसाहेब ट्रे घेऊन मागच्या दाराने आले आणि मावशी झारा बाजूला ठेवून, हात पदराला पुसत, तेलाच्या धुरात तिथेच उभी राहिली. बाकीचे म्हणाले बघा किती मोठी सेवा. मला मात्र वाटलं, आत दीडशे माणसं बसलीत, त्यातल्या एकालाही अर्धा तास कढई धरता येत नाही?

आणि मार्था-मरीयेवर आपल्याकडे जेवढे संदेश होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील. येशू घरी आल्यावर मार्थेने कशी उगाच धावपळ केली, मरीयेने त्याच्या पायाशी बसून ऐकण्याचा कसा चांगला वाटा निवडला, सगळं साग्रसंगीत सांगून होतं आणि आशीर्वाद झाला की लगेच अनाउन्समेंट, "महिला संघाने जेवणाची व्यवस्था केलेली आहे, कोणी जाऊ नये." 😀

हे असं का झालं याचा मी थोडा विचार केला. आपल्याकडची मंडळी बऱ्याच ठिकाणी मिशनच्या हाताखाली वाढली, इकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे अलायन्स मिशन आणि तिकडे नंदुरबार, नवापूरच्या बाजूला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन. त्या काळात उपदेशक पगारी, बायबल वूमन पगारी, बोर्डिंगचा सुपरिंटेंडंट पगारी. बाकीचे विश्वासणारे यायचे, बसायचे, घरी जायचे. मिशनरी गेले, पगार गेले, कामं मात्र तेवढीच राहिली, उलट वाढली. मग ती कामं ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्या अंगावर पडली. रेव्हरंड टिळकांची गोष्ट वेगळी, त्यांनी 1917 मधे मिशनचा पगार स्वतःहून सोडला आणि देवाचा दरबार काढला, तो त्यांचा राजीखुशीचा मामला होता. आपल्या मावशीला असं कोणी कधी विचारलंच नाही.

आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही ते कोण असतात हेपण बघा जरा. नंदुरबार, धडगावकडची पोरं शिकायला किंवा कामाला शहरात येतात, भिल्ल, पावरा, मावची, आपल्या चर्चला येतात, गातात झकास. खुर्च्या उचलायला, सतरंज्या झटकायला, जनरेटर चालू करायला पहिली हाक त्यांना. अर्पण मोजायला त्यांच्यातला कोणी टेबलावर बसलेला मी फार क्वचित पाहिलाय. हिशोब आणि माईक ठरलेल्या घरांकडे. प्रेषितांची कृत्ये 6 मधे यरुशलेमच्या मंडळीत असाच लोचा झाला होता, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जातंय अशी तक्रार आली. प्रेषितांनी काय केलं? तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. मंडळीलाच म्हणाले तुमच्यातले सात जण निवडा, आणि जे सात निवडले, स्तेफन, फिलिप्प वगैरे, त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूला अन्याय होत होता, बहुतेक त्याच बाजूच्या लोकांच्या हातात वाटपाची किल्ली दिली, वर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आपल्याकडे कोणी तक्रार केली की "मग तूच कर ना" म्हणून ढकलतात, तीपण शिक्षा म्हणून, आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवून.

म्हणून टीम सांभाळणाऱ्याला माझं सांगणं आहे की माणसाला काम देताना ते कधी संपणार हेपण त्याच वेळी सांगा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सेवेसाठी इच्छुकांनी पुढे यावे" टाकलं की काय येतं? हात जोडलेले इमोजी आणि दोन आमेन. त्याऐवजी एकेकाला भेटा, "भो, ईस्टरपर्यंत दर रविवारी माईक आणि मिक्सर तू बघ, पहिले तीन रविवार मी सोबत आहे, ईस्टरनंतर तू मोकळा, पुढे करायचं का नाही ते तू सांग." एवढ्याने पोरं येतात, मी बघितलंय. नहेम्या 3 मधेपण असंच आहे, यरुशलेमची पडलेली भिंत बांधायची होती, भिंत अख्खी पण प्रत्येकाला आपला आपला तुकडा, कित्येकांना तर स्वतःच्या घरासमोरचाच. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, शल्लूमच्या मुलीसुद्धा आहेत. तकोवाच्या बड्या लोकांनी मान खाली घालून काम केलं नाही, तेपण नोंदवलंय, पण नहेम्या त्यांच्या मागे लागत बसला असं काही दिसत नाही. 52 दिवसांत भिंत पूर्ण.

माणसाचं वर्ष कसं चालतं हेही बघावं लागतं. नवापूर, तळोद्याकडची कित्येक कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, मग तिथे नाताळच्या टीमचा हिशोब शहरासारखा कसा लागेल? इकडे कापूस वेचणीत बाया दमून येतात आणि मे महिन्यात 45 डिग्रीत आपण व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, घेतो, टीचर म्हणून कॉलेजच्या पोरी, आणि त्यांना पंखा कुठे लावलाय ते विचारायला कोणी येत नाही.

यावर मला हमखास उत्तर मिळतं की अशी मुदत घातली तर गेलेला माणूस परत येणार नाही, चर्च बंद पडेल. काही जण खरंच येत नाहीत, हे मान्य. पण पेत्र मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे पुढाऱ्यांना, लिहितो की कळप सांभाळा तो जबरदस्तीने नको, संतोषाने. मग कळपातल्या मेंढराला तरी जबरदस्ती का? एखाद्या कार्यक्रमाला संतोषाने करणारा माणूसच मिळत नसेल तर तो कार्यक्रम थांबला तर थांबू द्या ना. चर्च प्रभूचं आहे, तो बघेल. आपला विश्वास नेमका इथेच कमी पडतो, गाण्यात म्हणायचं तू सर्वसमर्थ आणि ड्युटी लिस्ट अशी लावायची की जणू एक माणूस सुट्टीवर गेला तर स्वर्गाचं राज्य लेट होईल.

आमच्याकडे बुधवारची कॉटेज प्रेयर, म्हणजे घरोघरी होणारी प्रार्थना, सध्या बंद ठेवलीय. घेणारे अण्णा थकले होते, त्यांनी स्वतः सांगितलं नाही, त्यांच्या सुनेने सांगितलं. दोन-तीन वडीलधारे रागावलेत, एकाने तर नमस्कार घेणं सोडलंय. कोणाला चालवायची असेल तर इनबॉक्समधे सांगा, डिसेंबरपर्यंतच द्यायची आहे, आणि चहा-बिस्किटाचं बघायला वेगळा माणूस आधीच ठरलाय.