एअरबॉक्सला भोकं पाडून 15 टक्के पॉवर? आधी आकडेमोड करा

बाइकवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा मजकूर साधारण असा असतो: "एअरबॉक्स म्हणजे कंपनीने इंजिनाच्या नाकावर बांधलेला रुमाल. स्नॉर्कल उपटा, झाकणाला भोकं पाडा, जमलं तर डबाच काढून कोन फिल्टर लावा. समोरचा वारा थेट इंजिनात घुसतो, 10 ते 15 टक्के पॉवर वाढते, मायलेजही वाढतं. पेट्रोलचं काय ते ईसीयू बघून घेतो." एअरबॉक्स म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, स्नॉर्कल म्हणजे त्यात हवा नेणारी तोंडाची छोटी नळी, कोन फिल्टर म्हणजे डब्याशिवाय उघडा लावलेला शंकूसारखा फिल्टर आणि ईसीयू म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा गाडीचा संगणक. यात एक धागा खरा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. आधी हा रुमाल किती घट्ट आहे ते मोजू.

150 सीसीचं चार-स्ट्रोक सिंगल (एकाच सिलिंडरचं) इंजिन 8,000 आरपीएमवर फिरतंय असं धरा. दोन फेऱ्यांत ते एकदा हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला 4,000 वेळा. सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरतो असं मानलं, तरी मिनिटाला 600 लिटर, सेकंदाला 10 लिटर हवा लागते. स्नॉर्कल आतून 30 मिमी व्यासाचा असेल तर त्याचं तोंड सुमारे 7 चौरस सेमी भरतं आणि हवेचा सरासरी वेग सेकंदाला 14 मीटर येतो. एवढ्या वेगाच्या हवेचा गतिदाब सुमारे 120 पास्कल. तोंडाशी आणि वळणावर जाणारा दाब धरून 200 म्हणा. वातावरणाचा दाब आहे 1,01,300 पास्कल. म्हणजे अडथळा 0.2 टक्क्याचा. सिंगलमध्ये हवा झटक्याझटक्याने येते हे मान्य. डब्यातली हवा ते झटके बोथट करते, तरीही वेग दुप्पट धरला तर दाबाचं नुकसान चौपट होऊन 0.8 टक्क्यावर जाईल. पंधरा टक्के जिथून परत मिळवायचे, तिथे मुळात एक टक्कासुद्धा हरवलेला नाही.

हिशेबावर विश्वास नसेल तर पाण्याच्या नळीने मोजता येतं, आणि कापाकापीच्या आधी ते मोजावंच. 5-6 मिमीची पारदर्शक नळी दीड-दोन मीटर घ्या, तिला इंग्रजी यू अक्षरासारखा आकार द्या आणि प्रत्येक बाजू 30 सेमी भरेल एवढं रंगीत पाणी घाला. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, डब्याला पाडलेल्या 4 मिमी भोकात घट्ट बसवा. वाटेत एखादा जुना पायलट जेट (कार्बोरेटरमधलं बारीक छिद्राचं बूच) अडकवा, नाहीतर पाणी इतकं नाचतं की वाचताच येत नाही. डब्याकडची नळी पाण्याच्या पातळीपेक्षा निदान अर्धा मीटर वर नेऊन मग डब्यात उतरवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. आता डायनोवर (गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा मोकळ्या ट्रॅकवर थ्रॉटल पूर्ण उघडून वरच्या आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक बघा. रस्त्यावर बघत बसू नका, फोन बांधून चित्रीकरण करा. लोक एकाच बाजूचं पाणी किती चढलं ते मोजतात आणि निम्मा आकडा घेऊन घरी येतात. मोजायचा तो दोन पातळ्यांमधला पूर्ण फरक. 1 सेमी पाणी म्हणजे 98 पास्कल, 10 सेमी म्हणजे जवळजवळ 1 टक्का. फरक 5 सेमी निघाला तर डबा, फिल्टर, स्नॉर्कल सगळं मिळून अर्धा टक्काच अडवतंय. 30 सेमी निघाला तर आधी फिल्टर काढून बघा. तो बहुधा धुळीने चोंदलेला असतो, आणि नवा फिल्टर हाच मग सगळ्यात स्वस्त उपाय. मोजून झालं की भोक रबरी बुचाने पक्कं बंद करा.

"डबा म्हणजे नुसता अडथळा" हे वाक्य तर मुळातच चुकीचं आहे. डबा आणि स्नॉर्कल मिळून कंप पावणारी हवेची एक जोडी बनते. 4 लिटरचा डबा आणि 30 मिमी व्यासाचा, 80 मिमी लांबीचा स्नॉर्कल असेल तर ही हवा सेकंदाला सुमारे 70 वेळा पुढेमागे होते. सिंगल इंजिन साडेआठ हजार आरपीएमच्या आसपास सेकंदाला तेवढ्याच वेळा हवा ओढतं. या ठिकाणाच्या मागेपुढे डब्यातला दाब कुठे चढतो, कुठे उतरतो. टॉर्कमध्ये जिथे खळगा पडतो तिथे हा चढ आणण्यासाठीच डब्याचं आकारमान आणि स्नॉर्कलची लांबी ठरवलेली असते. स्नॉर्कल काढून नुसतं भोक ठेवलं की तोच आकडा 140 च्या घरात जातो, म्हणजे साडेसोळा हजार आरपीएमवर, इंजिनाच्या आवाक्याबाहेर. मग मधल्या फेऱ्यांत गाडी पोकळ लागते. गंमत अशी की हा खळगा ओलांडून पुढे गेल्यावर इंजिन झेपावल्यासारखं वाटतं, वर ओढीचा आवाज दुप्पट झालेला असतो, आणि चालवणारा सांगतो की पिकअप वाढला.

"वारा थेट घुसतो" याचंही गणित सोपं आहे. ताशी 60 किमीला समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे 170 पास्कल, 100 किमीला 460. तो सगळाच्या सगळा पकडला तरी फायदा अर्ध्या टक्क्याच्या आत. ताशी 200 किमीला मात्र 1.8 टक्के होतो, म्हणून सुपरबाइकमध्ये बंद डक्ट असतो, थेट डब्याला जोडलेला. सिलिंडरच्या मागे उघडा टांगलेला कोन फिल्टर वारा घेत नाही, इंजिनाची गरम हवा घेतो. 30 अंशांची हवा 60 अंशांना गेली की तिची घनता 9 टक्क्यांनी घटते. डब्याचं तोंड सीटखाली किंवा टाकीखाली, इंजिनापासून दूर ठेवलेलं असतं ते याचसाठी.

आता ईसीयू. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या बहुतेक बाइकमध्ये तो नॅरोबँड असतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण 14.7:1 च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच तो सांगू शकतो. ईसीयू त्याचं ऐकतो ते आयडलिंगला आणि एकसारख्या वेगात. थ्रॉटल पूर्ण उघडला की मिश्रण 12.5 ते 13 लागतं. तिथे ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करून आपल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता जुन्या डब्यावर बेतलेला असतो. नुसता थ्रॉटल आणि आरपीएम बघणाऱ्या ईसीयूला जास्त हवा आल्याचं कळतच नाही. मॅनिफोल्डचा, म्हणजे थ्रॉटल आणि सिलिंडरमधल्या नळीचा, दाब मोजणारा थोडंफार सावरतो. एकूण काय, ज्या क्षणी पॉवर हवी त्याच क्षणी मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. स्थिर थ्रॉटलवर गाडी आचके देणं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, थंड इंजिन लवकर न धरणं, प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक ही त्याची लक्षणं.

सीव्ही कार्बोरेटरवर कोन फिल्टर लावणाऱ्यांचं आणखी एक दुखणं हमखास असतं. या कार्बमध्ये हवेची वाट उघडणारी स्लाइड डायफ्रामच्या, म्हणजे पातळ रबरी पडद्याच्या, दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाने उचलली जाते. कार्बच्या तोंडाच्या कडेला डायफ्रामच्या खालच्या बाजूला हवा देणारं छोटं छिद्र असतं. फिल्टरच्या रबराचा ओठ नेमका त्यावर बसतो. स्लाइड अर्धवट उचलली जाते, गाडी मध्येच अडखळते आणि माणूस जेट बदलत बसतो. फिल्टर काढून आतला ओठ बघा, छिद्र झाकलं जात असेल तर तेवढी खाच द्या.

मायलेजचा दावा दोन ओळींत संपतो. सावकाश चालवताना थ्रॉटलची पाकळीच हवा अडवून मॅनिफोल्डचा दाब निम्म्याच्या आसपास आणते. तिच्यापुढे स्नॉर्कलचे 0.2 टक्के कुणाच्या खिजगणतीत?

खरा धागा आहे तो आवाजाच्या आणि प्रदूषणाच्या नियमांसाठी तोंड मुद्दाम आवळलेल्या काही ड्युअल-स्पोर्ट (रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर चालणाऱ्या) बाइकचा. सुझुकी डीआर-झेड400एसच्या डब्यावर वरून 3 इंच बाय 3 इंच कापतात, आणि त्या बाइकला फरक पडतो. पण तोच दाखला देताना लोक दुसरा अर्धा भाग गाळतात: त्याच्यासोबत कार्बचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) आणि नीडल (पेट्रोलची वाट कमीजास्त करणारी निमुळती सुई) बदलावी लागते. मेन जेट पाऊण ते पूर्ण थ्रॉटल सांभाळतो, नीडल पाव ते पाऊण. जेट एका वेळी एकच पायरी वाढवा. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मधलं मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. नजरेने प्लग बघण्यापेक्षा मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावा. त्यासाठी एक्झॉस्टला 18 मिमी, 1.5 पिचच्या आट्यांचा बुश वेल्ड करावा लागतो, सेन्सर आडव्यापेक्षा निदान 10 अंश वर तिरका, नाहीतर साचलेल्या पाण्याने तो मरतो. पूर्ण थ्रॉटलला 12.8 ते 13 दिसलं की थांबा. आधीचे आणि नंतरचे डायनो रन त्याच गिअरमध्ये, त्याच तापमानाला, प्रत्येकी तीन घ्या. एक-दोन टक्के तर एकाच गाडीच्या दोन रनमध्येही सरकतात.

कापायचंच ठरलं तर आधी नुसता स्नॉर्कल काढून आठवडाभर चालवा, तो परत बसवता येतो. कापाल ते जास्तीचं आणलेलं झाकण, मूळचं ठेवून द्या. भोक फिल्टरच्या बाहेरच्या बाजूलाच हवं. आतल्या बाजूला पडलं तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते, आणि बारीक धूळ रिंग अन् बोअर पॉलिश पेपरसारखी खाते. कंप्रेशन उतरलं, धूर आला की मग पॉवर शोधायला बोअरिंगच करावं लागतं. तोंड वरच्या बाजूला कापलं तर गाडी धुताना ते झाका. पूर्ण डबा काढणाऱ्यांनी क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) उघडा लोंबकळत ठेवू नये, त्याला छोटा फिल्टर हवा. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर डब्यात असेल तर तो नव्या जागी हवेच्या वाटेतच बसवा. एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हची नळीही बहुधा डब्यातूनच येते, तिलाही गाळलेली हवा द्या. आणि ड्रिल चालवण्याआधी फिल्टर काढून इंजिनाकडचं तोंड कापडाने बुजवा. प्लास्टिकचा चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्या, ब्लोअर मारू नका.