मुळावरच्या गाठी

आज पोळ्याला भाची गावाकडं आली. लातूरला नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, रिपीटर बॅच. सकाळी आली अन् बैलं मारुतीला फेरी घालून यायच्या आत परत निघाली. का? तर उद्या टेस्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ७२० मार्कांची टेस्ट ठेवणाऱ्याच्या दावणीला बैल नसतील, पण घरात माणसं तरी असतील की नाही?

जायच्या आधी तिला शेतात नेलं. सोयाबीनचं एक झाड उपटलं, माती झटकली. मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी.

"मामा, रोग पडलाय का?"

म्हणलं, "रायझोबियम. हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू, ते राहतात या गाठीत."

झालं, टेप सुरू. "नायट्रोजन फिक्सेशन, नायट्रोजिनेज, लेगहिमोग्लोबिन, ऑक्सिजन स्कॅव्हेंजर." एक गाठ नखानं फोडून दाखवली. आत गुलाबी. हेच ते तुझं लेगहिमोग्लोबिन. पोरगी बघतच राहिली. क्लासची फी बापानं सोयाबीन विकून भरलीय, अन् पोरगी विचारते रोग पडलाय का!

डोकंच फिरलं माझं. तिच्यावर नाही. अकरावी-बारावीला कॉलेज फक्त कागदावर, प्रयोगशाळेला कुलूप, जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं. दोन वर्षं नुसते गोल काळे करायचे. १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकलं की १ वजा. शंका आली की प्रश्न सोडून पुढं जा, असं शिकवतात म्हणे. आपले गुरुजी शंका आली की हात वर करा म्हणायचे.

हो, माहिताय, परीक्षा नसती तर डोनेशनवाल्यांनीच सगळ्या सीटा नेल्या असत्या. मेडिकलच्या ७० टक्के सीटा त्या त्या विभागातल्याच पोरांना, ही ७०:३० ची अट २०२० ला गेली तेव्हा मीच पेढे वाटलेत. पण २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी पडले अन् पेपरफुटीचा तपास आपल्या लातूरपर्यंत आला, तेव्हा कुठं गेली ही गुणवत्ता? जे रात्र रात्र जागले त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

जाऊ द्या. एसटीत बसताना तिनं ते झाड पेपरात गुंडाळून बॅगेत घातलं. पुरणपोळीचा डबा मात्र विसरली, ताई तेवढ्यावरनं दिवसभर चिडलीय.

आत्ता फोन आला. "मामा, झाड सुकलं, पण गाठी सगळ्या रूममेटला फोडून दाखवल्या. एकीला वाटलं किडे आहेत." लई दिवसांनी हसताना ऐकलं तिला. वर म्हणाली, "ठेवते मामा, उद्याचं रिव्हिजन राहिलंय."