शिरीषकुमारच्या हातातल्या झेंड्यावर चरखा होता

‘नंदुरबारच्या शिरीषकुमारच्या हातात होता, तोच तिरंगा आज आपण फडकवतो,’ हे तुमच्या तिरंग्यावरच्या लेखातलं वाक्य भावनेच्या दृष्टीने मला मान्य आहे. पण झेंड्याच्या रचनेवरच लेख लिहिताना अशी सरमिसळ नको होती. ९ सप्टेंबर १९४२ ला ‘चले जाव’ चळवळीत शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा काँग्रेसचा १९३१ चा झेंडा चालू होता. पांढऱ्या पट्ट्यावर चरखा. त्याआधी १९३६ साली आमच्या फैजपूरला अधिवेशन भरलं, तेव्हाही चरखाच. अशोकचक्र आलं ते संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला ध्वज स्वीकारला तेव्हा.

मी शाळेत चित्रकला शिकवते. हुतात्मा दिनाला मुलं शिरीषकुमार काढतात आणि हातातल्या झेंड्यावर कंपासने चोवीस आऱ्यांचं निळं चक्र आखतात. मी चरखा काढायला लावते. एका बाजूला मोठं चाक, दुसरीकडे बारीक चाती, त्यामुळे कागद उजेडाकडे धरून मागून पाहिला की चित्र उलटं दिसतं. चक्राचं तसं होत नाही. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, हे कारण नेहरूंनी संविधान सभेत स्वतः सांगितलं होतं. हे चक्र जिथून घेतलं त्या सारनाथच्या स्तंभाबद्दल लेखात एवढं भरभरून लिहिलंय, आणि नेमकं हेच राहून गेलं! लेखासोबतच्या चित्रातही शिरीषकुमारच्या हाती चक्राचाच झेंडा आहे. तेवढं चित्र कृपया बदला, आमची पोरं तेच बघून काढतात.