तुमच्याकडचा मुलगा

गेल्या बुधवारी, २५ जून २०२५ला, पोर्टलंडजवळच्या बीव्हरटनच्या एका बारमध्ये माझं जाहीर अभिनंदन झालं. प्रमोशन नाही, घर नाही, ग्रीन कार्ड तर नाहीच नाही. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या आमच्या बास्केटबॉल संघाने एनबीए या अमेरिकन लीगच्या ड्राफ्टमध्ये यांग हानसेन नावाचा सात फूट एक इंचाचा चिनी मुलगा निवडला, म्हणून एका अनोळखी म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि चार टेबलांना ऐकू जाईल असा ओरडला, "अभिनंदन!"

मी सातारचा.

ड्राफ्ट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. माझ्या पुण्याच्या मावसभावाने ही बातमी ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कितीला घेतला?" त्याचंही बरोबर आहे. आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना जातो, तेरा वर्षांच्या पोरासाठी राजस्थान १ कोटी १० लाख मोजतं, आणि आपल्याला घरबसल्या दुसऱ्याच्या पैशांवर 'जास्तच दिले' म्हणायची सोय असते. ड्राफ्टमध्ये संघ एकामागून एक नवीन पोरं निवडतात; बोली नसते, नंबर असतात. हंगामभर मार खाल्लेल्यांना आधी निवडायला मिळावं म्हणून वरच्या नंबरांची सोडत काढतात, आणि त्या सोडतीत यंदा डॅलसला १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला. फेब्रुवारीत लुका डॉन्चिचसारखा माणूस स्वतःच्या हाताने लेकर्सना देऊन बसलेला हा संघ, आणि त्यांच्या पदरात यंदाचा सगळ्यात गाजलेला पोरगा, कूपर फ्लॅग! देव आहे, पण तो टेक्सासात राहतो.

बाकी सगळा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मे महिन्यात पोरांना शिकागोला बोलावतात, अनवाणी उभं करून उंची मोजतात, हात पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप लावतात, उड्या मारायला लावतात, गुडघे दाबून बघतात. मग 'कळवतो' म्हणतात.

आणि पोर्टलंडच्या माणसाला या 'कळवतो'चीच धास्ती असते. १९८४ साली ह्यूस्टनने पहिला ओलाजुवॉन उचलला, दुसरा नंबर आमचा होता. क्लाइड ड्रेक्सलर घरात होताच, त्याच जागेवर आणखी एक कशाला, आपल्याला सेंटर, म्हणजे बास्केटपाशी खेळणारा उंच गडी हवा, असा पोक्त विचार करून आमच्या लोकांनी सॅम बोवी घेतला. या बोवीने पायाच्या दुखण्यापायी कॉलेजातले दोन हंगाम बसून काढले होते. तिसऱ्या नंबरवर शिकागोने मायकल जॉर्डन नेला. २००७ साली पहिला नंबर लागला तेव्हा ग्रेग ओडन घेतला. पहिला सामना खेळण्याआधीच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या नंबरवर गेलेला केविन ड्युरंट अजून खेळतोय. हे सगळं मी इथे येण्याच्या कितीतरी आधीचं. पण एखाद्या घरात लग्न करून आलं की तिथले जुने वादही आपलेच होतात.

तर बुधवारची संध्याकाळ. ड्राफ्ट ब्रुकलिनमध्ये असतो, त्यामुळे आमच्याकडे पाच वाजताच सुरू होतो. ऑफिसातून लवकर निघून बार गाठला. आमचा नंबर अकरावा. तो आला आणि गेला, आणि बातमी आली की अकरावा मेम्फिसला देऊन त्यांचा सोळावा आणि पुढच्या वर्षांतल्या काही निवडी पदरात पाडून घेतल्यात. वा, म्हटलं. आमच्या टेबलावरच्या एका हिशेबी माणसाने कागदी रुमालावर आकडेमोड करून सौदा फायद्याचा असल्याचं सिद्धही केलं. मग सोळावा नंबर आला. यांग हानसेन.

बारमध्ये तीन-चार सेकंद फक्त तळणीचा आवाज येत होता. मग कोणीतरी म्हणालं, "कोण?" आणि सगळ्यांनी एकदम फोनात माना घातल्या. फोनात लिहिलं होतं की हा मुलगा फार तर दुसऱ्या फेरीत जाईल असा जाणकारांचा अंदाज होता. म्हणजे तिसाव्या नंबरच्या पलीकडे. चीनमधल्या चिंगदाओच्या संघाकडून खेळतो, वय एकोणीस. त्यानंतर जो आरडाओरडा सुरू झाला तो ऐकून मला गावची ग्रामसभा आठवली. एकाने टीव्हीच्या दिशेने फ्रेंच फ्राय फेकला. दुसरा टेबलावर डोकं आपटत 'बोवी, बोवी' म्हणत होता. आणि मीही छाती भरून श्वास घेतला. जनरल मॅनेजर जो क्रोनिन यांच्याविषयी माझं एक वाक्य तयार होतं. चांगलं लांब, अर्धविराम असलेलं.

ते आजतागायत आतच आहे. कारण नेमका त्याच वेळी तो म्हातारा आला.

त्याच्या डोक्यावर ब्लेझर्सची टोपी होती. लाल रंग उडून तिचा जांभळट गुलाबी झालेला, आणि पुढच्या टोकाशी आतला पुठ्ठा दिसत होता. १९७७ साली संघाने जिंकलेलं ते एकमेव विजेतेपद, ते याने प्रत्यक्ष पाहिलेलं. गेल्या वर्षी त्या संघाचा हिरो बिल वॉल्टन गेला तेव्हा आठवडाभर जेवण गेलं नाही, असं त्याने न विचारता सांगितलं. १९७२ साली ज्युलियस अर्व्हिंगसारखा मोठा खेळाडू शिल्लक असताना लारू मार्टिनला पहिला नंबर दिला, तो राग तर त्याने जपून ठेवला होता. म्हणजे माणूस अस्सल होता. म्हणूनच जास्त लागलं. त्याचं बोलणं मी मराठीतच देतो, रागाच्या भरात मला ते तसंच आठवतं.

"अभिनंदन!"

"कशाबद्दल?"

"तुमच्याकडचा ना मुलगा?"

मी मागे वळून पाहिलं. मागे केचपच्या बाटल्यांची फळी होती.

"मी इंडियाचा," मी म्हणालो.

"ते दिसतंय की," तो म्हणाला. हात सोडला नाही. "पण शेजारीच ना तुम्ही?"

"मध्ये हिमालय आहे."

"आमच्याही मध्ये कॅस्केड्स आहेत. पलीकडे बेंडला माझी बहीण असते. दर थँक्सगिव्हिंगला जातो मी. बर्फ असला तर चेन लावायच्या चाकांना, बस."

हिमालयाला चाकांच्या चेनने निकालात काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. तरी मी नेट लावला. म्हटलं, "आमचं त्यांचं १९६२ साली युद्ध झालंय."

"अरेरे," तो कळवळून म्हणाला. "कोण जिंकलं?"

मी बिअरकडे पाहिलं.

"असू दे," त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. "आम्हीही १९९२ला शिकागोशी फायनल हरलो. होतं असं."

मग त्याने माझ्यासाठी नवीन बिअर मागवली आणि 'यांच्याकडचा मुलगा आलाय' असं बारवाल्या पोरीला सांगितलं. तिने बिअरबरोबर एक लिंबाची फोड फुकट दिली. तोवर टेबलावरच्या सगळ्यांच्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या होत्या. ही तीच माणसं, ज्यांच्याबरोबर मी गेल्याच्या गेल्या वर्षीचा २१ विजय आणि ६१ पराभवांचा हंगाम काढला. आज ती माझ्याकडे वकिलातीतून माणूस आल्यासारखी बघत होती.

"कसा खेळतो हा?" हिशेबी माणसाने विचारलं.

आता चिनी लीग मी जेवढी पाहिलेली, तेवढीच यांनी. पण मघाशी फोनात वाचलं होतं तेच म्हणून दाखवलं, की त्याला 'चीनचा योकिच' म्हणतात (योकिच म्हणजे डेन्व्हरचा नावाजलेला सेंटर), पास चांगले देतो, पायांनी जरा जड आहे. हेच वाक्य त्याच फोनात त्या सगळ्यांनी दोन मिनिटांपूर्वी वाचलं होतं. तरी माझ्या तोंडून आलं म्हणून माना डोलल्या. एकाने तर 'पायांनी जड' हे लिहून घेतलं.

मी म्हटलं, आता तरी बोलून घेऊ. "पण मला एक सांगा, डॉनोव्हन क्लिंगनला गेल्याच वर्षी सातव्या नंबरवर घेतलाय. एटन आहे. रॉबर्ट विल्यम्स आहे. सेंटरच्या एका जागेवर चौथा माणूस कशाला? हा जो क्रोनिन..."

एवढ्यात समोरच्या एका मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला. सव्वीस-सत्तावीसची असेल, आमच्या लाडक्या लिलार्डची जर्सी, अत्यंत दयाळू डोळे. ती म्हणाली, "तुमच्यासाठी हा फार भावनिक क्षण असणार. आम्ही समजू शकतो." आणि ज्याने फ्राय फेकला होता, तो उठून माझ्याकडे आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मघाशी मी जे बोललो ते तुमच्या लोकांबद्दल नव्हतं हं." मग म्हाताऱ्याने वरून समजूत घातली. "पोराला वेळ द्या. नवीन देश, नवीन भाषा, नवीन जेवण. तुम्हाला तर माहीतच आहे कसं असतं ते."

माझ्यामुळे त्या टेबलावरच्या शिव्या बंद झाल्या. शेजारच्या टेबलावर मात्र जोरात चालू होत्या. तिकडे काय एकेक शब्द पडत होते! आणि मी इकडे लिंबाची फोड चोखत बसलो होतो.

हसण्यावारी नेतोय, पण राग आलाय. मी काही परवा उगवलेला नाही. हिल्सबरोहून मॅक्स ट्रेनच्या ब्लू लाइनने, ओल्या जाकिटांच्या वासात, तासभर उभं राहून रोझ क्वार्टरला सामने बघायला गेलोय, तेही डिसेंबरच्या पावसात, तेही शार्लटविरुद्धचे. २०२३ला लिलार्ड मिल्वॉकीला गेला तेव्हा घरात सुतक असल्यासारखा वागलो, बायकोने शेवटी श्रीखंड करून तोंड गोड केलं. या देशात मला मत नाही. मालकाने नोकरीवरून काढलं तर दोन महिन्यांत सामान बांधायचं. मग निदान आपल्या संघाच्या मॅनेजरला मनसोक्त शिव्या द्याव्यात, एवढी एक जागा मी हक्काची मानून होतो. तिथेही मला पाहुणा करून पाटावर बसवला. पाहुण्याला स्वयंपाकाला नावं ठेवता येत नाहीत.

न्यूयॉर्कवाल्यांचा मला हेवा वाटतो तो यासाठीच. २०१५ साली निक्सनी चौथ्या नंबरवर पोर्झिंगिस हा लाटव्हियाचा पोरगा घेतला तेव्हा सभागृह दणाणून निघालं, त्याच्या तोंडावर लोकांनी हुर्यो केली, एक लहान मुलगा तर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. पुढे पोर्झिंगिस ऑलस्टार झाला तो भाग वेगळा. पण त्या गर्दीत जे पोलिश, लिथुएनियन, कोण कोण असतील, त्यांच्याजवळ जाऊन कोणी 'तुमच्याकडचा ना?' असं विचारलं असेल असं मला वाटत नाही.

बरं, आपली माणसं तरी साथ देतील! मंडळाच्या एका काकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "चिनी घेतला? आपला तो सतनाम सिंग गेला होता ना, त्याचं काय केलंन मग त्यांनी?" सतनामला २०१५ला डॅलसने ५२व्या नंबरवर घेतला होता, एनबीएच्या एकाही सामन्यात तो खेळला नाही, आणि पोर्टलंडचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी समजावलं. काका म्हणाले, "तेच म्हणतो मी. राजकारण." आई म्हणाली, "बुधवारी अमावास्या होती. अमावास्येला कशाला माणूस निवडायचा?" क्रोनिन यांच्या कारभारावर झालेली या आठवड्यातली एकमेव मुद्देसूद टीका हीच.

गुरुवारी ऑफिसात लिफ्टमध्ये पुन्हा दोघांनी अभिनंदन केलं. तिसऱ्या मजल्यावर आमच्या टीममधली चिनी सहकारी आत आली. सकाळपासून तिचंही अभिनंदन चाललं होतं. ती छंगदूची, तो मुलगा शानडोंगचा, म्हणजे सातारा आणि पाटण्याइतकं अंतर. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. "मी सगळ्यांना तुझ्याकडे पाठवते," ती म्हणाली, "म्हणते, त्याला विचारा, त्याला माहितीये." म्हणजे लिफ्टमधले दोघं कुठून आले ते कळलं.

मग कॉफी घेताना तिने विचारलं, "पण खरं सांग, चांगला आहे का रे तो?"

अखेर कोणीतरी विचारलं! मी कप खाली ठेवला. क्लिंगनपासून सुरुवात केली, एटनचा पगार, विल्यम्सचे गुडघे, दुसऱ्या फेरीचा माल पहिल्या फेरीत उचलणं, बोवी, ओडन, सगळं काढलं. बुधवारचं ते अर्धविरामवालं वाक्य आता येणारच होतं, जिभेवर आलंच होतं.

ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "तुला चिनी लोकांबद्दल काही प्रॉब्लेम आहे का?"