‘आवड असेल तर थकवा कसला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठात शिकवणाऱ्याला दिवसाला दोन-तीन तास वर्गात उभं राहायचं असतं, वर सुट्ट्या. रात्रपाळी करणारी परिचारिका थकली तर समजू शकतं, प्राध्यापकाचा थकवा ही चैन आहे. ज्याला शिकवण्याची खरी आवड आहे तो थकतच नाही. पुरावा म्हणून तुम्ही मुलीच्या प्राध्यापकांबद्दल लिहिलंत. जुन्या टिपणांतून वाचून दाखवतात, प्रश्न विचारला की ‘पुस्तकात बघ’ म्हणतात, वर्गातल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नाही.

ते वर्णन वाचून मी अस्वस्थ झाले, कारण काही वर्षांपूर्वी मी तशीच झाले होते. सत्र संपत आलं होतं. एका विद्यार्थिनीने तपासलेला निबंध हातात घेऊन विचारलं, ‘मॅडम, तुम्ही हे वाचलंत का?’ मी पानापानावर खुणा केल्या होत्या, शेवटी गुण दिले होते. वाचलं नव्हतं. सातव्या पानावर तिने माझ्याच व्याख्यानातल्या एका विधानाला हरकत घेतली होती, आणि तिचं बरोबर होतं. त्याआधीची पंधरा वर्षं मी अशाच हरकतींची वाट बघत शिकवलं होतं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही. काहीच वाटलं नाही याची भीती वाटली, तीसुद्धा दोन दिवसांनी.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणाने माणूस आतून रिकामा होणं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये ते मोजण्याची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. भावनिक शीण, समोरच्या माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही भरीव होत नाही ही भावना. तुम्ही मुलीच्या प्राध्यापकांचं जे वर्णन केलंत ते यातल्या दुसऱ्या गोष्टीशी फार जुळतं. नाव लक्षात न राहणं, प्रश्न टाळणं, नजर न देणं. तुम्हाला ते आवड नसण्याचं लक्षण वाटतं. माझा अनुभव असा की, आवड होती आणि ती फार दिवस एकटीनेच सगळं ओढत राहिली, तरीही हेच होतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

‘आवड असणारा थकत नाही’ हे तर मुळातच टिकत नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये बर्नआउटवर लिहिलं ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून. तिथले बरेच जण स्वयंसेवक होते. पगारासाठी नव्हे, तळमळीपोटी आलेले. तो स्वतःही त्यातून गेला होता. सर्वांत जास्त धोका कुणाला, तर झोकून देऊन काम करणाऱ्याला, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं.

आता तासांचं. एकशेवीस विद्यार्थ्यांचा वर्ग घ्या. प्रत्येकाचा एक निबंध नीट वाचून चार ओळींचा अभिप्राय लिहायला पंधरा मिनिटं धरली, तरी तीस तास होतात. हे एका विषयाचं, एका वेळचं. वर्गातल्या दोन-तीन तासांत यातलं काही दिसत नाही. पण खरं सांगू का, मला तासांनी नाही खाल्लं. शोधनिबंध लिहिताना मी याहून जास्त तास बसले आहे आणि टवटवीत उठले आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलं होतं की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मोकळीक कमी, या जोडीतून सर्वाधिक ताण येतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. काय शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, वर्गात किती जण बसवायचे, यातलं काहीच माझ्या हातात उरलं नव्हतं. उत्तर मात्र सगळ्याचं मलाच द्यायचं. त्यात कधीही मागितले जाणारे अहवाल. मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या सहकाऱ्यांना तर पुढच्या वर्षी आपण इथे असू का, हेही माहीत नसतं.

तुम्ही सुचवलेल्या ध्यानधारणेला माझा विरोध नाही. मी करून पाहिली, झोप सुधारली. उत्तरपत्रिका तेवढ्याच राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था अशी, आणि तिला आजार म्हटलेलं नाही. म्हणजे उपायही आधी कामाच्या ठिकाणीच शोधायला हवा. माझ्यासाठी तो अगदी साधा ठरला. विभागातल्या एका सहकाऱ्याने माझा एक विषय घेतला, आणि दुसऱ्या एका विषयाचा अभ्यासक्रम मला माझ्या मनाने बांधू दिला गेला. वर्षभराने मी पुन्हा निबंध वाचू लागले.

एक गोष्ट मान्य करते. मुळातच कामचुकार माणसं आमच्यात आहेत, आणि थकव्याचं नाव पुढे करून ती सुटतात याची चीड मलाही आहे. तुमच्या मुलीचे प्राध्यापक कोणत्या प्रकारचे आहेत ते मला इथून सांगता येणार नाही. त्यांच्यापायी तिचं वर्ष वाया जाऊ नये, हे मात्र दोन्ही बाबतींत तितकंच खरं. तिने तक्रार जरूर करावी. फक्त त्या अर्जात आणखी दोन प्रश्न लिहावेत: त्या सरांकडे या सत्रात किती विषय आहेत, आणि एकूण किती विद्यार्थी? उत्तर आलं तर मला नक्की कळवा.