निकियात मतदान घेऊन येशूला देव केलं का?

ईस्टर किंवा नाताळ जवळ आला की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा: इ.स. ३२५पर्यंत येशूला सगळे माणूसच मानत होते. मग रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया गावी बिशपांची सभा भरवली, मतदान घेतलं आणि थोड्या मतांच्या फरकाने येशू देव ठरला. त्याच सभेत बायबलमधली पुस्तकं निवडली, नको असलेली ऐंशी शुभवर्तमानं (येशूचं जीवन सांगणारी पुस्तकं) जाळली, रविवार आणि २५ डिसेंबर पक्के केले, त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत रचला आणि पुनर्जन्माचे उल्लेख गाळून टाकले.

सभा झाली आणि ती सम्राटानेच बोलावली, एवढं खरं. गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. चर्चेचं इतिवृत्त उरलेलं नाही. मतांगीकाराचा, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीचा मजकूर, २० नियम आणि सभेने अलेक्झांड्रियाच्या चर्चला पाठवलेलं पत्र मात्र उरलं आहे. शिवाय तिथे प्रत्यक्ष हजर असलेल्या दोघांनी, कैसरियाचा बिशप युसेबियस आणि तेव्हा डीकन (धर्मगुरूच्या खालचा सेवक) असलेला अथनेशियस यांनी, त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. मजकुरातले दावे तपासायला एवढा ऐवज पुरतो.

‘३२५पूर्वी येशू फक्त माणूस होता’

निकिया बिथिनिया प्रांतात येतं. इ.स. ११२च्या सुमारास बिथिनिया-पाँटसचा सुभेदार होता प्लिनी. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांना शिक्षा देत होता. सम्राट ट्रेजनला त्याने कळवलं, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याचं स्तोत्र म्हणतात. म्हणजे निकियाच्या सभेआधी २०० वर्षांहून जास्त काळ, त्याच मुलखात, सरकारी पत्रव्यवहारात ही नोंद आहे.

त्याच्याही मागे जाता येतं. इ.स. ५५च्या आसपास पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिलं. त्याच्या ८:६ मध्ये ‘एकच देव’ या यहुदी कबुलीच्या आतच तो येशूला बसवतो: एकच देव, तो पिता, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं. योहानकृत शुभवर्तमानात शिष्य थोमा येशूला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस ‘आपला देव येशू ख्रिस्त’ असं सहज लिहून जातो, जणू कोणी हरकत घेईल असं त्याच्या मनातही नाही.

ही सगळी घरचीच साक्ष, असं कोणी म्हणेल. मग रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडलेली भिंत पाहा. तिच्यावर कोणीतरी क्रुसावरचा गाढवाच्या डोक्याचा माणूस कोरला आहे आणि खाली लिहिलं आहे: अलेक्झामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. अभ्यासक ती बहुधा इ.स. २००च्या आसपासची धरतात. टिंगल आहे, म्हणूनच साक्ष चोख आहे. टिंगल करणाऱ्याला सिद्धांत रचायचा नसतो. इस्रायलमध्ये मगिद्दो इथे तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये तिसऱ्या शतकातली मोझाइकची फरशी निघाली. एका बाईने ‘देव येशू ख्रिस्त’ याच्या स्मरणार्थ मेज अर्पण केल्याचा लेख त्यात आहे.

मग निकियात भांडण कशावरून होतं?

मजकूर लिहिणाऱ्याचा इथे पायाच चुकतो. ‘येशू माणूस की देव’ हा प्रश्न निकियात कोणीच विचारला नव्हता. वादाला तोंड फोडणारा एरियस हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. त्याच्याही मते पुत्र (म्हणजे येशू) हा सृष्टीच्या आधीचा होता आणि सारी सृष्टी त्याच्याद्वारेच झाली. त्याचं म्हणणं एवढंच, की पुत्रसुद्धा निर्माण केलेला आहे, त्यामुळे पित्याच्या बरोबरीचा नाही. ‘एकदा तो नव्हता’ हे त्याच्या पक्षाचं घोषवाक्य. त्याचा बिशप अलेक्झांडर म्हणत होता, पिता कधीच पुत्राविना नव्हता.

हा फरक शब्दांत पकडणं अवघड का गेलं, ते अथनेशियसने सविस्तर सांगितलं आहे. बिशपांना पवित्र शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. ‘पुत्र देवापासून आहे’ असा मसुदा पुढे आला. एरियसच्या बाजूच्यांनी एकमेकांना डोळे मिचकावले आणि मान डोलावली, कारण सगळंच देवापासून आहे, असं शास्त्रातच लिहिलं आहे. ‘देवाची प्रतिमा’ म्हणावं, तर माणूसही देवाची प्रतिमा. ‘देवाचं सामर्थ्य’ म्हणावं, तर योएलच्या पुस्तकात टोळांच्या धाडीलासुद्धा तोच शब्द आहे! कोणताही शब्द ठेवला तरी दोन्ही पक्ष सही करणार आणि घरी जाऊन आपापला अर्थ लावणार.

म्हणून ज्याला एरियसवादी कधीच हो म्हणणार नाहीत असा शब्द शोधावा लागला: ग्रीक ‘होमोउसिओस’, म्हणजे पित्याशी एकाच तत्त्वाचा. त्याच्या जोडीला ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’. सुतार टेबल बनवतो, पण त्याला मूल होतं. टेबल सुताराच्या जातीचं नसतं, मूल असतं. एवढाच भेद त्या वाक्यात बांधला आहे. फक्त हा जन्म काळाच्या आतला नाही, हे मतांगीकाराच्या शेवटी जोडलेल्या निषेधाच्या कलमात स्पष्ट केलं, कारण ‘एकदा तो नव्हता’ या वाक्याचं नाव घेऊनच तिथे धिक्कार केला आहे.

आणि ‘थोड्या मतांचा फरक’? युसेबियस २५० हून अधिक बिशप सांगतो, अथनेशियस सुमारे ३००. परंपरेतला ३१८ हा आकडा उत्पत्तीच्या १४व्या अध्यायातल्या अब्राहामाच्या ३१८ माणसांवरून बसवलेला दिसतो. यांपैकी शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोन: मार्मारिकाचा थिओनस आणि टोलेमाइसचा सेकुंडस, दोघेही लिबियाचे. सगळ्यांनी मनापासून सह्या केल्या असं मुळीच नाही. खुद्द युसेबियसला त्या शब्दाबद्दल आपल्या लोकांना पत्र लिहून सारवासारव करावी लागली. पण अटीतटीची मोजणी झाली, याला कुठेही आधार नाही.

‘सम्राटाने लादलं’

या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते झाकू नये. कॉन्स्टंटाइनने प्रवासाची सोय केली, सभेत भाषण केलं, ‘होमोउसिओस’ या शब्दाची शिफारस केली आणि सही न करणाऱ्यांना हद्दपार केलं. एरियसचं लेखन जाळायचा हुकूम त्याने नंतर काढला आणि ते लपवणाऱ्याला देहदंड लावला. ‘पुस्तकं जाळली’ या कथेचं बीज बहुधा इथेच आहे, पण आज्ञा एरियसच्या लिखाणाबद्दल होती, शुभवर्तमानांबद्दल नाही.

लादण्याचं म्हणाल, तर पुढची गोष्ट वाचली की ते गणित फिसकटतं. काही वर्षांत कॉन्स्टंटाइनने एरियसला परत बोलावलं. निकियाच्या बाजूने लढणाऱ्या, आता अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथनेशियसला त्यानेच ट्रियरला हद्दपार केलं. ३३७ मध्ये मृत्यूच्या आधी त्याने बाप्तिस्मा घेतला, तोही निकोमिडियाच्या युसेबियसकडून (हा दुसरा युसेबियस, एरियसचा पाठीराखा). त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघड विरोधी पक्षात. ३५९ मध्ये रिमिनी आणि सेल्युकिया इथल्या जोडसभांतून ‘तत्त्व’ हा शब्दच मतांगीकारातून हटवायला लावला गेला. अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, सगळी मिळून सुमारे १७ वर्षं. ३२५ नंतरची बरीच दशकं राजसत्तेचा जोर निकियाच्या विरुद्धच होता.

‘बायबलची पुस्तकं तिथे निवडली’

२० नियम वाचायला अर्धा तास लागत नाही. स्वतःला खच्ची करून घेतलेल्याला धर्मगुरू करावं का, बिशपच्या नेमणुकीला किमान तीन बिशप हवेत, धर्मगुरूंनी व्याजबट्टा करू नये, रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी, असे ते विषय आहेत. पुस्तकांच्या यादीचा नियम नाही. सभेच्या पत्रात एरियस, इजिप्तमधली मेलिशियस या बिशपमुळे पडलेली फूट आणि ईस्टरची तारीख एवढंच येतं.

यादी आधी सुरू झाली आणि नंतरही बराच काळ हलत राहिली. इ.स. १८०च्या सुमारास बिशप आयरेनियस शुभवर्तमानं चारच असल्याचं ठासून सांगतो. नव्या कराराची (बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागाची) नेमकी आजची २७ पुस्तकं पहिल्यांदा एका यादीत दिसतात ती ३६७ मध्ये, अथनेशियसच्या ईस्टरच्या पत्रात. पुढे ३९३ मध्ये हिप्पो आणि ३९७ मध्ये कार्थेज इथल्या आफ्रिकेतल्या सभांनी तशीच यादी मान्य केली. सिनाई या चौथ्या शतकातल्या ग्रीक बायबलच्या हस्तलिखितात नव्या कराराच्या शेवटी बर्नबाचं पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही पुस्तकंही आहेत. निकियाने यादी ठरवली असती, तर ती तिथे राहिली नसती. केरळच्या सिरियन चर्चच्या परंपरेत चालत आलेल्या पेशित्ता या सिरियाक बायबलच्या मूळ रूपात नव्या कराराची २२ पुस्तकं आहेत, शेवटचं प्रकटीकरण हे पुस्तक नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासनेच्या वाचनांत ते आजही येत नाही.

मग ही कथा आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रीक ग्रंथात चमत्कार सांगितला आहे: सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवून प्रार्थना केली, खरी वर राहिली, खोटी खाली गेली. अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने ती गंमत म्हणून चघळली आणि तिथून ती पसरली. त्याआधीचा एक धागा मात्र आहे: निकियाने यहुदिथाचं पुस्तक शास्त्रात धरल्याचं वाचायला मिळतं, असं बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम लिहितो. एका पुस्तकाचा ऐकीव उल्लेख, यादी नव्हे. कॉन्स्टंटाइनने मागवलेल्या ५० बायबलांचा दाखलाही दिला जातो, पण त्या पत्रात प्रती चांगल्या चर्मपत्रावर, वाचायला सोप्या असाव्यात असं आहे. कोणती पुस्तकं, ते नाही.

‘दडवलेल्या शुभवर्तमानांत खरा, माणूस येशू आहे’ हे तर उलटंच. १९४५ मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीत सापडलेल्या पोथ्यांमधला येशू बहुतेक ठिकाणी अधिक गूढ, अधिक अशरीरी आहे. भूक लागणारा, रडणारा, दमून विहिरीपाशी बसणारा येशू हवा असेल तर तो नेहमीच्या चार शुभवर्तमानांत मिळतो.

रविवार आणि २५ डिसेंबर

कॉन्स्टंटाइनने रविवारची सुट्टी ३२१ मध्ये दिली, सभेच्या चार वर्षं आधी. ख्रिस्ती लोक रविवारी जमत असल्याचं जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. १५०च्या सुमारासच लिहिलं आहे. २५ डिसेंबरची नोंद ३५४च्या एका रोमन पंचांगात मिळते. निकियाच्या कागदांत नाताळचा शब्दही नाही.

‘पुनर्जन्म गाळला’

आपल्याकडे हा मुद्दा सगळ्यात आवडीने पुढे पाठवला जातो. कधी निकियाचं नाव येतं, कधी ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेचं. दुसरीचा संबंध तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याच्याशी जोडल्या गेलेल्या मतांशी होता: आत्मे शरीराआधी अस्तित्वात होते, या मताचा तेव्हा निषेध झाला. एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याचं मत ओरिजेनने स्वतःच मत्तयावरच्या भाष्यात नाकारलं आहे, तेही बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे जुना संदेष्टा एलीया का, याच प्रश्नावर.

आणि गाळलं म्हणावं, तर ज्या ओळी पुनर्जन्मासाठी दाखवतात त्या जागच्या जागी आहेत: मत्तय ११:१४ (योहान हाच येणारा एलीया), योहान ९:२ (हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे?). गाळणाऱ्याने नेमक्या त्याच कशा सोडल्या? शिवाय व्हॅटिकन आणि सिनाई ही हस्तलिखितं चौथ्या शतकातली, काही पपायरसवरच्या (लव्हाळ्याच्या कागदावरच्या) प्रती त्याहून जुन्या. ५५३ मध्ये काही कापलं असतं, तर ते या जुन्या प्रतींत दिसायला हवं होतं.

‘त्रैक्य निकियात रचलं’

त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, हे बरोबर. पण तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये तो तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरला होता. निकियाच्या मूळ मजकुरात तर पवित्र आत्म्याच्या वाट्याला ग्रीकमधले पाचच शब्द आले: ‘आणि पवित्र आत्म्यावर’. लगेच एरियसच्या मतांचा धिक्कार आणि समाप्त. त्रैक्य रचायला बसलेल्यांनी तिसऱ्याला एवढ्यात उरकलं नसतं.

‘प्रभू आणि जीवनदाता’, पित्यासह आणि पुत्रासह त्याची आराधना, एक बाप्तिस्मा, मेलेल्यांचं पुनरुत्थान ही वाक्यं ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेच्या नावाने चालत आलेल्या विस्तारित मजकुरातली आहेत. वसईच्या मिस्सात (कॅथलिक उपासनेत) किंवा मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत ‘निकियाचा मतांगीकार’ म्हणून म्हटला जातो तो हाच. धिक्काराचं कलम त्यात नाही.